काय नेणार?

खोका आला तेव्हा दोन्ही भाऊ दुकानात होते, इथंच सगळं फिसकटलं. एरवी त्या वेळी मोठा नाक्यावर चहाला गेलेला असतो आणि धाकटा कापड आणायला. पण त्या दिवशी दोघंही आपापल्या अर्ध्यात हजर. खोका घेऊन आलेल्या माणसाला या एका दुकानाला दोन दारं का, हे कळेना. त्यानं थोडा वेळ डोकं खाजवलं आणि खोका बरोब्बर मधे, ताईच्या शिलाई मशिनसमोर आणून टेकवला. खोक्यावर चित्र छापलेलं होतं. लाल, चकचकीत, चार चाकांची प्रवासी बॅग. खाली नाव ताईच्या लेकीचं, ठकीचं.

मोठ्यानं चष्मा कपाळावर चढवला. धाकट्यानं ओठांत धरलेल्या टाचण्या काढून कॉलरला टोचल्या.

"ताई," मोठा म्हणाला, "त्याला विचार, हे त्यानं मागवलंय का."

"ताई," धाकटा म्हणाला, "त्याला सांग, अजून एवढे वाईट दिवस आले नाहीत माझ्यावर."

दोघांत फार तर चार हातांचं अंतर. एकाची शिंक दुसऱ्याला ऐकू जायची. पण भिंत उभी राहिल्यापासून या घराची रीतच झाली होती: बोलायचं ताईशी आणि ऐकायचं दुसऱ्यानं.

भिंत कसली, प्लायवूडच्या फळ्या त्या. आबा गेले आणि वर्ष सरायच्या आत दोघांनी दुकानाचे दोन भाग केले. अलीकडे मोठ्याच्या टणक बॅगा, फायबरच्या, पत्र्याचे कोपरे मारलेल्या. पलीकडे धाकट्याच्या मऊ, कॅनव्हासच्या नि नायलॉनच्या. सुतार मागच्या भिंतीपासून फळ्या ठोकत ठोकत पुढं आला आणि ताईच्या पायमशिनपाशी येऊन अडला. "मशीन हलवा," म्हणाला. "भिंत हलव," ताई म्हणाली. आबांनी जिथं मांडून दिलं होतं तिथून मशीन तसूभर हललं नाही, आणि भिंत तेवढी तोकडी राहिली ती राहिलीच. बॅग टणक असो नाहीतर मऊ, तिला आतून अस्तर लागतं, आणि या दुकानातलं अस्तर ताईच शिवते. तेव्हा तिला दोघंही काही बोलू शकत नव्हते.

गल्लीतली पोरं मोठ्याला टणकमामा म्हणत आणि धाकट्याला मऊमामा. आता गंमत बघा, टणकमामाच्या डोळ्यांत कुणी जांभई दिली तरी पाणी येतं. आणि मऊमामा एकदा नाही म्हणाला की ब्रह्मदेव आला तरी नाहीच.

आबांच्या वेळी हे टणक नि मऊ असलं काही नव्हतंच. गिऱ्हाईक आलं की आबा त्याला आधी बॅग दाखवतच नसत. स्टूल पुढं सरकवायचे आणि विचारायचे, "काय नेणार?" माणूस गोंधळायचा. मग हळूहळू सांगायला लागायचा. कुणी पुस्तकं नेणार असायचं, कुणी मुलीच्या संसाराची भांडी, एकजण तर कबुतरं नेणार होता. सगळं ऐकून झालं की आबा उठायचे आणि एकच बॅग काढून ठेवायचे, आणि ती बरोबर असायची. ते स्टूल ताई आजही रोज पुसून ठेवायची.

पण आत्ता समोर तो खोका होता. ठकीला परदेशातल्या एका नाटक कंपनीच्या कपडेपटात काम लागलं होतं, परवाचं विमान होतं, आणि तिकिटावर बॅग एकच नेता येणार होती. महिनाभर दोन्ही मामा आपापल्या अर्ध्यात तिच्यासाठी चोरून एकेक बॅग करत होते. दोघांनी ताईकडं अस्तर शिवायला दिलं, दोघंही म्हणाले, "त्याला बोलू नकोस हं." ताई दोन्ही अस्तरं एकाच ताग्यातून बेतत होती. निळ्यावर पांढरे बारीक ठिपके. तो तागा त्यांच्या आईनं आणलेला, आणि घरचं माणूस प्रवासाला निघालं तरच त्यातलं कापड निघायचं. शिवता शिवता ताईच्या मनात एकच चालायचं. पोरगी एकाची बॅग घेणार, म्हणजे दुसऱ्याची नाकारणार. ज्याची नाकारेल तो निरोपाला येणार नाही, आणि मग पुन्हा कधी येणारच नाही. नवरा गेल्यावर ताई तान्ह्या ठकीला घेऊन इथं आली, तेव्हापासून पोरीला या दोघांनी खांद्यावर वाढवलेलं. ठकी निघेल तेव्हा दोन्ही मामा दारात उभे असावेत, ताईला दुसरं काही म्हणजे काही नको होतं.

आणि पोरीनं काय करावं? तर बाजारातून तिसरीच मागवावी!

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," मागून आवाज आला. मोठ्याची बायको डबा घेऊन आली होती. शाळेत शिकवायची, म्हणून सगळे तिला मास्तरीणच म्हणत. "बॅगवाल्यांच्या घरात विकतची बॅग! वन्सं, हे आता संध्याकाळी रंगणार बघा."

संध्याकाळी रंगलंच. ठकी घरी येऊन चप्पल काढते न काढते तोच तिला दिसलं की वरच्या खोलीत पंचायत बसलीये. मोठा पलंगावर, शेजारी पांढऱ्या चादरीखाली काहीतरी चौकोनी. धाकटा खिडकीत, पायाशी खाकी कागदात काहीतरी फुगीर. मधे लाल खोका. आणि मोठा धाकट्याच्या खोलीत असल्यासारखा आणि धाकटा मोठ्याच्या खोलीत असल्यासारखा, दोघंही अंग चोरून बसलेले. खोली खरं तर ताईची.

"या," मास्तरीण म्हणाली. "तुमचीच वाट बघत होतो."

मोठ्यानं चादर ओढली. राखाडी बॅग, कोपऱ्यांना पितळी पत्रा, आबांच्या हातची वाटावी अशी. धाकट्यानं कागद फाडला. गडद हिरव्या कॅनव्हासची, बाजूला कप्पे, वर झाकणाची पट्टी.

"अगं बाई," ठकी म्हणाली आणि मटकन खालीच बसली.

"ताई, तिला सांग," मोठा सुरू झाला, "प्रवासात बॅग कुणी फुलासारखी उचलत नाही. फेकतात. वर दहा बॅगा आदळतात. आतलं सामान वाचायचं तर पाठीला हाड लागतं."

"मी इथंच आहे मामा, मला सांग की."

"ताई, त्याला सांग," धाकटा म्हणाला, "हाड मोडतं, कापड मोडत नाही. आणि त्याची ती पेटी उघडायला निम्मी खोली लागते. हिला तिथं खोली मिळणार केवढी, तर पाय पसरले की दार! माझी पलंगाखाली सरकते. निघताना टॉवेल राहिला, कोंब कप्प्यात. त्याच्याकडं कप्पा आहे का एक तरी?"

"त्याला सांग, कप्पा आला की चेन आली, चेन आली की चोर आला. साधं पेन खुपसलं तरी चेन फाकते."

"अहो, पण तुमची रिकामीच केवढी जड असते," मास्तरीण मधेच म्हणाली. "लग्नानंतर माहेरी जाताना दिली होतीत ना एक? वाटेत हात भरून आले म्हणून मी निम्मे कपडे काढून भावाच्या पिशवीत भरले, आणि तुमची बॅग तेवढी मिरवत नेली."

धाकट्याला हसू फुटलं, पण त्यानं ते खिडकीबाहेर बघत फोडलं. मोठ्याचा चेहरा पडला. बायकोच फितूर झाली!

"तू कुणाच्या बाजूनं आहेस?" तो म्हणाला.

"मी माझ्या हातांच्या बाजूनं आहे."

"बरं मग," धाकटा सरसावला, "ताई, तूच सांग. दोन्हीची अस्तरं तू शिवलीस. कुठली घ्यावी पोरीनं?"

आणि सगळे ताईकडं बघायला लागले. ताईला वाटलं, आता भिंत थेट माझ्या अंगावर बांधतायत हे. ती काही बोलायच्या आत ठकी उठून उभी राहिली.

"हेच! हेच नको होतं मला!" तिचा आवाज चढला. "दोघं माझ्यासाठी बॅगा करताय हे काय मला माहीत नव्हतं? अख्ख्या गल्लीला माहीत आहे. एक बॅग निवडायची म्हणजे एक मामा निवडायचा. मला नाही निवडायचा मामा! म्हणून तिसरी मागवली. बघा, तिच्यासाठी कुणी भांडत तरी नाही."

मोठ्याचे डोळे भरून आले, ते ठरलेलंच. धाकटा नखं कुरतडायला लागला. मग मोठ्यानंच घसा साफ केला.

"बघू तरी, काय आणलंस ते."

खोका उघडला. लाल बॅग बाहेर आली. दिसायला झकास, चाकांवर अशी घरंगळत गेली की मास्तरीणही "वा!" म्हणाली. मोठ्यानं ती आडवी केली, उघडली, आत हात घातला आणि थबकला.

"अस्तर चिकटवलंय."

"काय?" धाकटा खिडकीतून उठला.

"चिकटवलंय. गोंदानं. हे बघ."

"शिलाई नाहीच?"

"औषधालासुद्धा टाका नाही. कोपऱ्याला नख लाव, सुटेल."

धाकट्यानं नख लावलं. सुटलं. "अरे देवा! दादा, ही चाकं बघ. नुसती खोचलीत."

"हँडल ओढ, छोट्या. ओढ ओढ. डगडगतंय ना?"

"दात पडायला आल्यासारखं डगडगतंय."

दोघंही गुडघ्यांवर बसून त्या परक्या बॅगेत मुंडी खुपसून बोलत होते. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, म्हणतात ना, ते हेच. ताईनं श्वास रोखला. दादा. छोट्या. या दोन हाका या घरात किती वर्षांत ऐकू आल्या नव्हत्या! मास्तरिणीनं तिला हळूच चिमटा काढला, म्हणजे तिनंही ऐकलं होतं. बोलू नका कुणी, ताई मनात म्हणाली, कुणी म्हणजे कुणी बोलू नका आता.

"असली बॅग," धाकटा रंगात येऊन म्हणाला, "पहिल्या पावसात हिच्यात पाणी..."

पाऊस हा शब्द आला आणि संपलं. मोठा ताठ झाला.

"पावसाचं तू नको बोलूस," तो म्हणाला.

फोटो समोरच भिंतीवर होता. त्यांच्या आईचा. एकुलता एक. आई गेल्यावर आबा तो मोठा करून घ्यायला दुसऱ्या गावी निघाले, तेव्हा धाकट्यानं आयुष्यातली पहिली कापडी बॅग शिवून त्यांच्या हातात दिली होती. मोठ्या हौसेनं दिली होती. बॅग गाडीच्या टपावर गेली, वाटेत पावसानं झोडपलं, आणि शिवणीतून पाणी आत शिरलं. फोटोतले आईचे डोळे आणि कपाळ धुऊन गेलं, ओठ आणि हनुवटी तेवढी उरली. आबा म्हणाले होते, "असू दे रे, हसू राहिलंय तिचं." पण मोठा तेव्हा चारचौघांत, गिऱ्हाइकांसमोर म्हणाला होता, "तुझ्या पिशवीनं आईला बुडवलं." आबा होते तोवर त्या वाक्यावर झाकण राहिलं. ते गेले आणि त्या वाक्याचीच पुढं भिंत झाली.

धाकट्यानं आपली हिरवी बॅग उचलली. "जातो मी ताई. पोरीला सांग, त्याचीच ने म्हणावं. निरोपाला मी काही येत नाही."

"छोट्या मामा!" ठकी म्हणाली.

पण तो जिन्यापर्यंत गेलासुद्धा. आणि ताई कधी उठली, कधी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, तिचं तिला कळलं नाही. गुडघेदुखीनं जिना चढताना तीन वेळा थांबणारी बाई ती.

"बॅग खाली ठेव."

"ताई, हो बाजूला."

"नाही होत. तुमच्या सुताराला झाले नाही, तुला होऊ?" ताईचा आवाज चढलेला होता. "इतकी वर्षं तुमच्या दोघांचे निरोप पोचवतेय मी. याला सांग, त्याला सांग. पोस्टमन आहे का मी? आज माझं ऐकायचं. आबांच्या दुकानातून घरच्या माणसाची बॅग परीक्षेशिवाय कधी बाहेर पडली होती? सांग!"

धाकट्यानं बॅग पायरीवर टेकवली.

"सांग ना. आणि परीक्षा कोण घ्यायचं?"

"ज्यानं बॅग केली नाही तो," ठकी हळूच म्हणाली. तिला ही गोष्ट आबांच्या मांडीवर बसून पाठ झाली होती.

"चला खाली. दोघंही."

सगळे मागच्या फरशीवर उतरले. पुढं ताई, मागं दोघं भाऊ एकमेकांच्या बॅगा हातात धरून, त्यामागं मास्तरीण. "शाळेत पण मी असंच करते," ती ठकीच्या कानात पुटपुटली.

आधी राखाडी. धाकटा तिच्यावर चढून उभा राहिला. मग त्यानं उडी मारली. मग राग काढायचा म्हणून अजून दोन मारल्या. बॅग हूं की चूं नाही. तो उतरला, वाकून कडेकडेनं बोट फिरवलं, रिव्हेट मोजल्यासारखे चाचपले.

"काय?" ताईनं विचारलं.

"नाही दबली," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, नाइलाजानं, "आबांसारखी केलीये."

मोठा नळाकडं तोंड करून उभा होता. तो तसाच उभा राहिला.

आता हिरवी. हिची परीक्षा पाण्याची. आबा आत कोरडा वर्तमानपत्राचा कागद ठेवायचे, म्हणजे थेंब जरी शिरला तरी डाग दिसतो. मास्तरीण कागद शोधायला वळली, तर ताई म्हणाली, "थांब," आणि पुन्हा जिना चढून गेली. खाली आली तेव्हा तिच्या हातात काचेच्या चौकटीतून काढलेला तो फोटो होता.

"ताई, तो नको!" धाकटा ओरडलाच. "काहीही ठेव, तो नको! माझे पाय धरायला लावू नकोस!"

ताईनं ऐकलं नाही. हिरव्या बॅगेची चेन उघडली, निळ्या ठिपक्यांच्या अस्तरावर आईला ठेवलं, चेन लावली, वर झाकणाची पट्टी दाबली. आणि भरलेली बादली मोठ्याच्या पुढं सरकवली.

खरं सांगायचं तर, हे काय करून बसले मी, असं ताईलाही वाटत होतं. उरलंसुरलं हसूही जायचं. पण आता माघार कशी घेणार?

मोठ्यानं बादली उचलली. धाकट्यानं डोळे गच्च मिटून घेतले. मोठ्यानं त्याच्याकडं पाहिलं, नीट पाहिलं. त्या मिटलेल्या डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या आल्या होत्या, केस पांढरे झाले होते, आणि तरी तो थेट गाडी परत आली त्या दिवशीसारखा उभा होता, ओली बॅग छातीशी धरून उभा होता तसा. त्या दिवशी तो केवढासा होता! मिसरूड फुटायची होती अजून.

"छोट्या," मोठा म्हणाला, "शिवणी दुहेरी घातल्यास?"

"तिहेरी," धाकटा डोळे न उघडता म्हणाला. "तेव्हापासून तिहेरीच घालतो. सगळ्यांना."

"मग घाबरतोस कशाला?"

आणि त्यानं बादली ओतली. चमचा चमचा नाही, जपून नाही, सगळी. मग नळाखाली धरून पुन्हा भरली आणि तीही ओतली. फरशीवर पाणीच पाणी झालं, मास्तरिणीच्या चपला वाहून मोरीशी गेल्या. मोठा ओल्या फरशीवरच बसला, पँट भिजली तरी, आणि त्यानं चेन उघडली. आत हात घातला. तो हात बराच वेळ आतच होता.

"बोला की हो," मास्तरीण म्हणाली.

"आई कोरडी आहे रे," मोठा म्हणाला. "छोट्या, आई कोरडी आहे." आणि तो ढसाढसा रडायला लागला. "मी बोलायला नको होतं. तेव्हाच नको होतं."

धाकट्यानं डोळे उघडले. तो येऊन मोठ्याच्या शेजारी पाण्यातच बसला आणि फोटोची दुसरी बाजू धरली. दोघं मिळून त्या अर्ध्या चेहऱ्याकडं बघत बसले.

ताई पदरानं डोळे पुसत होती, आणि एकीकडं तिला हसूही येत होतं. केवढा हा घोळ, आणि कशावरून? मग तिला एकदम काहीतरी आठवलं आणि ती कपाळावर हात मारून खालीच बसली, पायरीवर.

"काय झालं आई?"

"अगं, आम्ही बॅगवाले! आबांचं दुकान चालवतोय! टणक म्हणे, मऊ म्हणे, महिनाभर नुसता शिमगा. आणि पोरीला कुणी विचारलंच नाही." तिनं ठकीला जवळ ओढलं. "सांग बाई. काय नेणार?"

ठकी ओठ चावत राहिली. मग म्हणाली, "तू नाही म्हणशील."

"विचारलंय ना मी?"

"आजीचं हातमशीन."

ते मशीन वर कपाटावर होतं, काळं, छोटं, सोनेरी नक्षी झिजलेलं. त्याच्यावर आईनं ताईला पहिला टाका शिकवला, आईचा हात ताईच्या हातावर. त्याच्यावरच ताईनं ठकीला शिकवलं, ताईचा हात ठकीच्या हातावर. नवरा गेल्यावर जेव्हा रात्रंदिवस काही सुचत नव्हतं, तेव्हा त्या दांड्याच्या घरघरीनं तिला माणसात आणलं होतं. नाही म्हणावंसं वाटलं. मनापासून वाटलं.

"सगळं वजन त्यातच जाईल," ती कशीबशी म्हणाली. "कपडे काय नेशील?"

"कपडे तिथं शिवीन की."

ताईनं तिच्या गालावरून हात फिरवला. "ने," म्हणाली. "तुझंच आहे ते. पण तेल घालत जा. आणि सुई उलटी बसवू नकोस, तुला खोड आहे."

धाकटा पाण्यातून उठला. पुन्हा गिऱ्हाईक समोर असल्यासारखा त्याचा चेहरा झाला.

"मग दादाची," तो म्हणाला. "यात बोलायचं कामच नाही. माझ्या बॅगेत लोखंड आपटलं तर मशिनचं चाक जाईल. याला टणकच पाहिजे."

"पण नुसतं ठेवून नाही भागायचं," मोठा नाक पुसत म्हणाला, "आत हललं की गेलं. फळीला बोल्टनं आवळायला हवं, आणि फळी बॅगेच्या तळाला. चांगली जाड प्लायवूडची फळी. आता या वेळी दुकानं बंद, फळी आणायची कुठून?"

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. मग दोघांनीही मागच्या दारातून आत, दुकानात पाहिलं.

मास्तरिणीनं न सांगता स्क्रूड्रायव्हर आणून दिला.

फळी मधलीच निघाली. बसल्यावर तोंडासमोर येईल अशा उंचीवरची. मोठ्यानं स्क्रू काढले, धाकट्यानं पलीकडून धरली, आणि ती सुटली तेव्हा दोघांना समोरासमोर एकमेकांची तोंडं दिसली. "पसारा केवढा तुझ्याकडं," मोठा म्हणाला. "तुझ्याकडं कोळीष्टकं," धाकटा म्हणाला. मशीन आवळलं, भोवती धाकट्यानं आपल्या बॅगांच्या फोमच्या पट्ट्या मापानं कापून ठासल्या, वरून ताईनं निळं अस्तर पुन्हा टाचलं. जास्त पट्ट्या लागल्या तेव्हा धाकट्यानं कात्री हिरव्या बॅगेला लावली.

"ए! ती कापू नकोस!" मोठा ओरडला. "मला हवी ती."

"तुला? मऊ बॅग?"

"पोरगी बोलावणार नाही का आपल्याला? तेव्हा काय ती पेटी उचलून नेऊ या वयात? माझे हात भरून येतात," असं म्हणून त्यानं बायकोकडं चोरून पाहिलं. मास्तरिणीच्या ओठांवर जे हसू होतं ते पुढं कितीतरी दिवस पुरलं.

ठकी गेली. दोन्ही मामा दारात होते. राखाडी बॅग गाडीत कुणी ठेवायची यावरून दोघांत जुंपली, शेवटी एक कड याची, एक कड त्याची. लाल बॅग परत गेली. जाताना मोठ्यानं तिची चाकं घट्ट करून दिली, राहवलं नाही म्हणून. ताई गाडी वळेपर्यंत रडली नाही, आणि वर जाऊन कपाटावरची मोकळी जागा पुसताना मनसोक्त रडली.

मग फोन आला तो दुकानातच, मोठ्याच्या अर्ध्यात. तो बराच वेळ "हो, हो, बरं" करत राहिला. ठेवला, चष्मा कपाळावर चढवला.

"ताई," सवयीनं म्हणाला, "त्याला सांग, ती..."

"एवढं भोक कशाला पाडलंय?" ताई मान वर न करता म्हणाली. "तूच सांग."

मोठा मिनिटभर चुळबुळला. मग स्टुलावर बसला, आबांच्याच, आणि फळी नव्हती तिथं तोंड नेलं.

"छोट्या, पोचली रे ती. मशीन शाबूत आहे. चाकाला ओरखडासुद्धा नाही म्हणते."

पलीकडून नुसता नाक ओढल्याचा आवाज आला, एकदा, मग पुन्हा. मऊमामाला कधी कुणी रडताना ऐकलं नव्हतं. ताईनं पटकन मशिनवर पाय ठेवला आणि जोरात चालवायला लागली. खाली कापड नव्हतं, तरी चालवत राहिली, म्हणजे आपल्याला कुणी ऐकलं असं त्याला वाटायला नको.